नाल्यापलीकडची नवरी

"आबा, उठा की आता! सगळी तयार होऊन उभी आहेत."

"मी येत नाही," मी म्हटलं. "तुमचं चालू द्या."

सकाळचे सहा वाजले होते. एप्रिल महिना, पण थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आणि मी, आनंदराव शेवाळे, वय एकोणसाठ, एकतीस वर्षं एसटीत कंट्रोलर म्हणून काढलेला माणूस, उत्तरेकडच्या बर्फाच्या पहाडात, किन्नौरमधल्या एका गेस्टहाउसच्या मागं पालथ्या बादलीवर बसून रुसलो होतो. समोर माझा पुतण्या कौस्तुभ उभा होता. डोक्याला केशरी फेटा, अंगात शेरवानी, पायात गमबूट. त्याच दिवशी त्याचं लग्न होतं.

"आबा, त्याला कारण आहे हो. ऐका तरी."

"एक शब्द बोलू नकोस. कारण मला माहीत आहे."

हे सांगायला आज मला लाज वाटते. पण चौदा वर्षं झाली, आणि घरात कुणी नवीन माणूस आला की ही गोष्ट मलाच सांगायला लावतात, म्हणजे शिक्षाच आहे ती.

झालं होतं असं. थोरला भाऊ गेला तेव्हा कौस्तुभ सात वर्षांचा होता. माझं लग्न राहूनच गेलं होतं, ते मग कायमचंच राहिलं. पोराची शाळा, पोराचा टायफॉइड, पोराची सायकल, सगळं मी बघितलं. शाळेत, दवाखान्यात कुणी विचारलं की मी सांगायचो, "पुतण्या आहे." खरं तेच सांगायचं ना! पण लग्नात तरी एकदा बापाच्या जागी उभं राहायला मिळेल, चारचौघांत मान मिळेल, असं मनात फार होतं. बोललो कुणाजवळ नव्हतो. न बोलता सगळ्यांना कळावं, हा आमच्या घराण्याचा जुना रोग.

कौस्तुभचे मामा जयसिंगराव कोल्हापूरचे. फेटा बांधावा तर त्यांनीच. पहाटे तीनपासून गॅसबत्तीपुढं बसून त्यांनी एकोणीस फेटे बांधले. स्वतःला बांधला तो कसा, तर हातभर शेमला सोडून! मी आपला माझी पाळी येईल म्हणून केस विंचरून बसलो होतो. शेवटी गडी पिशवीची चेन लावत मिशीतल्या मिशीत हसला आणि म्हणाला, "आबा, तुमचं राहू दे."

राहू दे! एकोणीस डोक्यांना फेटा, आणि ज्यानं पोर वाढवलं त्याचं राहू दे!

आता सगळा घोळ पुढं सांगतो. नवरीचं गाव वर होतं, पाऊण तासाच्या चालीवर. मोटाररस्ता मार्चमधल्या बर्फानं बंद झाला होता. पायवाट होती, पण तिच्या शेवटी शेवटी एक नाला. नाला म्हणजे पाण्याचा नव्हे. डोंगराच्या माथ्यापासून खाली नदीपर्यंत उतरलेली एक घळ, आणि ती काठोकाठ बर्फानं भरलेली. तेवढी सत्तर-ऐंशी पावलं ओलांडली की लग्नघर. नवरीचे मामा ग्यालछन नेगी आम्हाला न्यायला आले होते. सफरचंदाच्या बागा सांभाळणारा, कमी बोलणारा माणूस. आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या वऱ्हाडाला बसवून सांगितलं होतं, "पहाटे साडेपाचला निघायचं. रात्री बर्फ गोठतो, पहाटे तो दगडासारखा असतो. वरच्या उतारावर ऊन आलं की त्याचा भरवसा नाही. सातच्या आत नाला पार."

आणि त्यावर सगळ्यांत मोठ्यानं कोण बोललं होतं? मीच. "साडेपाच म्हणजे साडेपाच! साडेपाचला आमची गाडी सुटणार. जो मागं राहील तो राहील!"

तर ही गाडी मी अडवून धरली होती.

सहाला कौस्तुभ येऊन गेला. साडेसहाला त्याचे मित्र आले, पाया पडले. मी आणखी ताठलो. सातला जयसिंगराव आले आणि म्हणाले, "आबा, लहान पोरासारखं काय करताय?" त्यावर मी जे बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. ग्यालछन मात्र अंगणात उभे राहून सारखे वर डोंगराकडं बघत होते. घड्याळाकडं नाही, डोंगराकडं.

शेवटी पावणेआठला वहिनी आल्या. त्यांनी समजूत घातली नाही. पदर खोचून म्हणाल्या, "भावजी, माझ्या पोराचं लग्न आहे. मी चालले. तुम्ही बसा बादलीवर." आणि खरंच चालायला लागल्या. आता समजूत घालणारंच कुणी उरलं नाही, तर रुसून करायचं काय? दोन मिनिटं थांबलो आणि मुकाट्यानं उघड्या डोक्यानं वऱ्हाडाच्या मागं निघालो.

साडेआठच्या सुमारास नाल्याच्या कडेला पोचलो. काय दिसत होतं म्हणून सांगू! पलीकडच्या धारेवर अख्खं गाव उभं. हिरव्या पट्टीच्या टोप्या, टोप्यांत खोवलेली फुलं, ढोल, लांबलचक कर्णे. आणि मधोमध चांदीनं मढलेली सनम. आमच्या घरात या नावाची फार पंचाईत झाली होती. नवी सून, आणि हाक मारायची "सनम"? वहिनी तर "अगं ए" वरच भागवायच्या. पोरगी पुण्यात कौस्तुभबरोबर माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मराठी फाडफाड बोलायची.

आम्हाला बघून पलीकडं ढोल वाजायला लागले. आमची पोरं अलीकडं नाचायला लागली. ऊन छान पडलं होतं. वरच्या उतारावरून बर्फाचे छोटे छोटे गोळे घरंगळत खाली येत होते, आणि येता येता मोठे होत होते.

"आबा, बघा, लाडू वळतंय कुणीतरी वर!" कौस्तुभचा एक मित्र म्हणाला आणि फोटो काढायला लागला. सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

ग्यालछन हसले नाहीत. ते गुडघ्यावर बसले आणि हातातली काठी बर्फात खुपसली. ती सरळ मुठीपर्यंत आत गेली. त्यांनी ती बाहेर काढली, भोकाला कान लावला, आणि उभे राहिले.

"बस," ते म्हणाले. "आज नहीं."

"म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"पहाटे ही काठी बोटभरही आत गेली नसती. आता खालून पाणी वाहायला लागलंय. ते गोळे येताहेत ना, ती निशाणी आहे. वरचा बर्फ सुटायला लागलाय. कधी येईल सांगता येत नाही. तासाभरात येईल, नाहीतर संध्याकाळी."

"आणि आला नाही तर?"

"तर बरंच आहे. पण मी तुम्हाला नेणार नाही."

वहिनींच्या डोळ्यांत पाणीच आलं. कराडच्या गुरुजींनी मुहूर्त काढून दिला होता, दहा बावन्न. अक्षता आमच्या पद्धतीनं त्यांच्या अंगणात, आणि संध्याकाळी त्यांचे विधी, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलेलं. समोर मांडव दिसतोय, नवरी दिसतेय, आणि म्हणे आज नाही!

"मामाजी, सत्तर पावलं आहेत," कौस्तुभ म्हणाला. "पळत जातो ना. मिनिटभराचं काम."

"एकेक करून सोडू," जयसिंगराव म्हणाले.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मलाही तसंच वाटत होतं. सगळे पलीकडं गेले की माझा रुसवा कुणाच्या लक्षात राहणार नाही. वेळेवर पोचलेल्या गाडीला ती उशिरा का सुटली असं कुणी विचारत नाही. मी पुढं होऊन म्हणालोदेखील, "मी जातो पहिला. माझं काय, मागं रडायला कुणी नाही."

ग्यालछननी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच जास्त लागलं. "भाईसाब, पहाटे आला असतात तर तुम्हाला ढोलासकट नेलं असतं. दोन वर्षांमागं याच नाल्यात, याच वेळेला सहा खेचरं गेली. जूनमध्ये सापडली."

तेवढ्यात कौस्तुभ बर्फावर उतरला. त्यानं काही विचार केला असेल असं मला वाटत नाही. पलीकडं सनम उभी होती, एवढंच. एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्याला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. पलीकडचे ढोल एकदम थांबले. सनम दोन्ही हात हलवून "नको, नको" म्हणत होती, पण तो खाली बघून पाय उपसत होता.

"कौस्तुभ! मागं फीर!"

हा आवाज मी निवृत्त झाल्यापासून काढला नव्हता. स्टँडवर भोंगा बंद पडला की सात फलाटांवर ऐकू जायचा तो आवाज. पोरगं जागच्या जागी थांबलं.

"आबा, मुहूर्त जाईल! आणि हे सगळं तुमच्यामुळं—" तो तिथूनच ओरडला.

"बोल ना. माझ्यामुळंच झालंय. दोन तास बादलीवर बसलो, एका फेट्यापायी. सगळ्यांसमोर सांगतो, चुकलो मी. पण एक ऐक. एकतीस वर्षं मी वेळेवर गाड्या सोडल्या, तशाच घाटात दरड यायला लागली की अडवून पण धरल्या. लोक शिव्या द्यायचे. कुणाचं लग्न, कुणाची परीक्षा. एकदासुद्धा सोडली नाही. तू पण दे शिव्या. पण मागं फीर."

तो तिथं उभा राहिला. मोजले तर पाच-सहा श्वास असतील, पण माझ्या आयुष्यातला त्याच्याइतका मोठा थांबा दुसरा नाही. मग तो वळला. तीन पावलं मागं आला, आणि मी त्याचा हात असा ओढला की शेरवानीची शिवण उसवली.

आता पुढं काय? वहिनी डोळे पुसत होत्या. कुणीच माझ्याकडं बघत नव्हतं, म्हणजे मनात सगळे माझ्याकडंच बघत होते. तेव्हा जयसिंगरावच म्हणाले, "नवरा इकडं, नवरी तिकडं. मधी काहीतरी आडवं. ह्यालाच अंतरपाट म्हणतात ना?"

"अहो, मग काय!" मी ताडकन म्हणालो. "अंतरपाट जरा रुंद आहे, एवढंच. मुहूर्त कशाला चुकवायचा?"

"आणि मंगलाष्टकं? तिकडं ऐकू कशी जायची?"

त्या प्रश्नाचं उत्तर वहिनींना आपोआप मिळालं, कारण सगळी वरात एकाच माणसाकडं बघायला लागली.

ग्यालछननी आधी आम्हाला कडेवरून उठवून धारेवर चांगलं उंच, जुन्या देवदारांपाशी नेलं. "ही झाडं शंभर वर्षं उभी आहेत," ते म्हणाले. "म्हणजे इथं बर्फ येत नाही." पलीकडच्यांनाही त्यांनी हातवारे करून वर सरकायला सांगितलं. मग मी तोंडाशी दोन्ही हात धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा सुनेला हाक मारली.

"सऽऽनऽऽम!"

दोन्ही काठांवर असा हशा पिकला की काय सांगू. एकोणसाठ वर्षांचा बाप्या डोंगरात उभा राहून "सनम" म्हणून ओरडतोय! वहिनी रडता रडता पदरात तोंड घालून हसायला लागल्या. पण पलीकडून उत्तर आलं, अगदी स्वच्छ. "काय आबाऽऽ?"

"दहा बावन्नला लग्न लावतोय! तिथूनच! चालेल का?"

तिनं शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांना काहीतरी सांगितलं. त्यांना तिकडं तेते म्हणतात, म्हणजे आजोबा. तेतेंनी मान हलवली, आणि कर्णेवाल्यांनी कर्णे उचलले.

दहा बावन्नला, माझ्या घड्याळानं, मी मंगलाष्टकं सुरू केली. वहिनींनी पुस्तिका धरली होती. चाल बरी होती, पण सूर फलाटाचा लागला. जयसिंगराव नंतर म्हणाले की प्रत्येक कडव्याला त्यांना वाटत होतं, आता मी "कराड-पाटण-चिपळूण, फलाट क्रमांक तीन" म्हणणार. दर "सावधान"ला इकडून वीस आणि तिकडून दोनशे हात वर जायचे. तांदूळ कसले पोचतात? ते नाल्यात पडत होते. हार कसे घालायचे, हा प्रश्न सनमनंच सोडवला.

"कौस्तुभ! मी माझा माझ्याच गळ्यात घालते, तू तुझा घाल!"

मी पाहिलेल्या लग्नांत नवरानवरीनं आपापल्या गळ्यात हार घालून घेतलेलं हे एकच लग्न. ढोल वाजले, कर्णे वाजले, आमच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. वहिनींनी पेढ्यांचा डबा उघडला. मी एक तोंडात टाकला आणि ग्यालछनना एक देत होतो, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

आधी काही ऐकूच आलं नाही. वर, अगदी वर, पांढऱ्या उतारावर एक काळसर रेघ उमटली. मग तिच्या खालचं सगळं हळूच हललं. धुरळा नाही, काही नाही. ओलं काँक्रीट ट्रकमधून सोडतात तसं ते यायला लागलं, पण अख्खा डोंगर रुंद. आणि मग आवाज आला. पायाखालची जमीन थरथरत होती. झाडांच्या मुळ्या, दरवाज्याएवढे दगड, सगळं घेऊन ते आमच्या समोरून, वीस-पंचवीस हात खालून गेलं, आणि नदीपाशी जाऊन थांबलं.

पेढा माझ्या तोंडातच होता. कौस्तुभची तीन पावलं जिथं उमटली होती, तिथं आता दोन पुरुष उंच ढिगारा होता.  वहिनींनी पोराला असं कवटाळलं की त्याचा फेटा खाली पडला.  मी खाली बसलो, आणि मला रडू फुटलं. पुरुषासारखा पुरुष, वीस माणसांत भोकाड पसरून रडलो. पोरगा माझ्याजवळ येऊन बसला. 

पलीकडून ढोल वाजला. एक ठोका, मग दुसरा, मग सगळेच. आम्ही आहोत, तुम्ही आहात ना, असं विचारल्यासारखं. आमच्याकडं ढोल नव्हता. जयसिंगरावांनी पेढ्यांचा डबा रिकामा करून उपडा केला आणि बडवायला सुरुवात केली. मग जे काय नाचलो आम्ही! वहिनीसुद्धा.

दम खायला बसलो तेव्हा मी ग्यालछनना हळूच विचारलं, "माझ्या आवाजानं तर नाही ना आला?"

ते पहिल्यांदा मोकळे हसले. "आवाजानं बर्फ पडत असता तर माझ्या बायकोनं गाव केव्हाच पुरलं असतं. उन्हानं आला, भाईसाब. आता वरचा उतार रिकामा झालाय. रात्री गोठू दे. उद्या पहाटे पाच."

संध्याकाळी मी जयसिंगरावांची माफी मागितली. ते म्हणाले, "उद्या बघू." मला वाटलं, गडी अजून घुश्शात आहे. असू दे, म्हटलं, हक्क आहे त्याचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला वऱ्हाड तयार. चहा नाही, फेटे नाहीत, सगळे माकडटोप्या घालून. मी दारात घड्याळ धरून उभा. ग्यालछननी ढिगाऱ्यात कुदळीनं पायऱ्या खणल्या होत्या, आणि बर्फ असा घट्ट की कुदळ टणटण वाजायची. त्यांनी काठी दिली, मी स्वतः खुपसून बघितली. बोटभरही गेली नाही. मग एकेक जण, दोघांत वीस पावलांचं अंतर, न थांबता. पाच दहाला पहिला उतरला, पाच छत्तीसला मी शेवटचा पलीकडं पोचलो. एक मिनिट इकडं तिकडं झालं नाही.

पलीकडं सगळे वाट बघत थांबले होते. आमचं वऱ्हाड बाजूला रांगेत उभं होतं, आणि मधे तेते. ऐंशीच्या पुढचे, सरळ काठीसारखे. त्यांच्या हातात हिरव्या मखमलीची कोरी टोपी होती.

"माकडटोपी काढा, आबा," जयसिंगराव कानाशी म्हणाले. "आता तरी कळलं का? हे लोक मुलाच्या बापाला आधी टोपी घालतात, मग बाकीचं लग्न. मग सांगा, फेट्यावर टोपी बसते का? म्हणून कौस्तुभनं सांगितलं होतं, आबांचं डोकं मोकळं ठेवा. तुम्हाला आधी कळू द्यायचं नव्हतं. काल सकाळी सांगायला आलो, तर तुम्ही माझं खानदान काढलंत!"

मी कौस्तुभकडं बघितलं. तो सनमशेजारी उभा होता, आणि खाली बघून हसत होता.

तेते दोन पावलं पुढं आले. त्यांनी टोपी दोन्ही हातांत धरली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लड़के के पिताजी कौन हैं?"

 कौस्तुभ बोलला नाही, वहिनी बोलल्या नाहीत. माझ्यासाठीच थांबले होते ते.

"मी," मी म्हटलं.

म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. त्यांनी कान पुढं केला.

"मैं," मी पुन्हा म्हटलं. "लड़के का बाप."